गाणं काळी पाचचं होतं

मला नोटेशन वाचता येत नाही. तीस वर्षं चर्चच्या क्वायरला वाजवते आहे, तरी येत नाही, आणि ह्या वयात आता त्याची लाजही वाटत नाही. नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात मी पेटी शिकले ती पांढरी एकमध्ये. पहिली पांढरी पट्टी म्हणजे सा, बाकीची दुनिया तिथून पुढे. दुसरा सा धरायला सांगितला की माझी बोटं आंधळी होतात. लग्न होऊन भोपाळला आले, पुढे आमच्या पिपलानीच्या चर्चमध्ये इलेक्ट्रिक कीबोर्ड आला आणि त्याला एक बटण होतं. ते दाबलं की बोटं पांढरी एकवरच फिरतात, पण आवाज हवा तितका वर किंवा खाली सरकून निघतो. छोट्या खिडकीत आकडा दिसतो. एक म्हणजे काळी एक. वजा दोन म्हणजे खालची काळी पाच. माझ्यासारख्या अडाणी बाईसाठी देवानेच ते बटण केलं, असं मी सगळ्यांना हसून सांगायचे. आता सांगत नाही.

क्वायरचे मुख्य गाणारे म्हणजे आमचे हे. नोकरी कारखान्यात, फिटरची. घरात एवढे कमी बोलायचे की भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्याने जेवून उठतील, मीच पहिला घास घेतल्यावर कपाळावर हात मारायचा. गळा सगळा चर्चसाठी राखून ठेवलेला. माइक नसला तरी शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचायचा. नवीन आलेले फादर पहिल्या रविवारी मागे वळून बघायचे, हा कोण म्हणून. मला ते बघायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पंधरा ऑगस्टला आमच्याकडे दुहेरी काम असतं. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि झेंडा, दोन्ही एकाच दिवशी. मिस्सेची उपासना संपली की सगळे तसेच अंगणात, झेंडावंदन, मग बुंदीचे लाडू. मिस्सा एरवीसारखी हिंदीतच, पण त्या दिवशी कम्युनियनच्या प्रसादानंतर प्रत्येक भाषेचं एक गाणं म्हणायची आमची जुनी रीत आहे. तमिळ, मल्याळम, मग छत्तीसगडकडच्या आदिवासी घरांचं सादरीतलं, आणि सगळ्यात शेवटी मराठी. शेवटी अशासाठी, की आम्ही सगळ्यात थोडे. एके काळी दहा-बारा घरं होती. कारखान्यातून रिटायर झाली तशी कोणी नागपूर गाठलं, कोणी पुणं. आता उरली तीन, त्यातल्या दोन घरांत पोरं आईशीसुद्धा हिंदीत बोलतात. तुलसी नगरकडच्या मराठी मंडळींना आम्ही गणपतीच्या वर्गणीपुरते मराठी, आणि चर्चमध्ये आम्ही ‘वो महाराष्ट्रवाले’. ना घर का ना घाट का. म्हणून ते वर्षातलं एक गाणं आम्हाला लागायचंच.

गाणं ह्यांच्या गावाकडचं. तिथल्या शाळामास्तरांनी ओवीच्या चालीवर रचलेलं, कुठल्या पुस्तकात नाही, फक्त ह्यांच्या वहीत. त्यात एक ओळ आहे : ‘चपला ठेवून उंबऱ्याशी, आई गेली वर.’ त्या ‘वर’ला चाल एकदम चढते आणि तिथेच थांबते. हे डोळे मिटून तो सूर लावायचे. मराठीचं अक्षर न समजणाऱ्या मल्याळी बायकासुद्धा तिथे पदर डोळ्याला लावायच्या. गाणं कायम काळी एकमध्ये. तीस वर्षं तीच पट्टी, दुसरी कानाला माहीतच नाही.

गेल्या वर्षी होळीनंतर ह्यांचा आवाज बसला. आम्ही म्हटलं, धूळ. मिठाच्या गुळण्या झाल्या, मुलेठी चघळून झाली, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. हबीबगंज स्टेशनजवळ एक वैद्य बसतो, त्याची पुडी झाली. स्टेशनचं नाव बदललं, वैद्य तोच. जून संपता संपता मी भांडून ह्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण पोरगा होता. त्याने स्वतःच्याच गळ्यावर पेन आडवं धरून दाखवलं. कॅन्सर. इथून इथपर्यंत स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास घ्यायला गळ्याला भोक राहील. बोलता येणार नाही. पण वेळेवर काढलं तर माणूस वाचेल, म्हणाला, फार थांबू नका. त्याने संमतीचा कागद दिला. ह्यांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि घरी येऊन कपाटात.

सही काही होईना. मी रोज मागे लागायची, हे रोज पेपर उघडून बसायचे. एक दिवस माझा तोल गेला. म्हटलं, “अहो, मरायचंय का तुम्हाला?”

“आवाज काढून घेतला तर मागं राहतं काय?” हे त्या फाटक्या आवाजात म्हणाले. “फिटर? तोही रिटायर झालाय.”

“मागं मी राहते! मला नवरा हवाय, गवई नकोय!”

बोलून गेले. ह्यांनी पेपरची घडी केली. मग म्हणाले, “पंधरा ऑगस्टला गाणार मी. वरची ओळ निघाली तर ऑपरेशन करणार नाही. पुडीवर राहीन, देव ठेवील तितके दिवस. नाही निघाली, तर तू म्हणशील तिथं सही करतो. मग अडून बसायचा नाही.”

माणूस हट्टी, पण शब्दाचा पक्का. ‘नाही’ म्हणाले म्हणजे नाहीच, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. नागपूरहून लेक फोनवर रडली. “आई, बाबांना गाऊच देऊ नकोस. गाणं कॅन्सल कर ना, तुझ्याच हातात आहे सगळं.”

तिचं बरोबर होतं, माझ्याच हातात होतं. तरी काय केलं मी? ऑगस्टच्या पहिल्या रविवारी गाणी ठरवायला क्वायर बसली. फादर म्हणाले, नऊला झेंडा आहे, पाहुणे येणार, ह्या वर्षी भाषांची गाणी राहू द्या. तरुण पोरंही तेच म्हणत होती, “आंटी, बहुत लंबा हो जाता है.” चालून आलेली संधी होती. मान डोलावली असती तर गाणंही टळलं असतं आणि ती पैजही. आणि मी उभी राहून भांडले. म्हटलं, तमिळ काढा, मल्याळम काढा, वाटेल ते काढा, मराठी निघणार नाही. शेवटी सगळीच गाणी ठेवायची ठरली. घरी नवऱ्याला वाचवायला भांडायचं आणि चर्चमध्ये त्याच्या गाण्यासाठी भांडायचं. कोणाला सांगून पटणार नाही, पण मी दोन्हीकडे खरीच भांडत होते.

मग रोज दुपारी घरच्या पेटीवर सराव. काळी एकमध्ये सूर निघायचं नाव नाही, नुसती घरघर. एक पट्टी खाली आणलं, तरी नाही. अजून एक, तरी नाही. पेटीवर माझी त्रेधा, बोटं चुकायची, हे चिडायचे. शेवटी मी चर्चमधून कीबोर्डच मागून आणला. बटण दाबत दाबत वजा दोनवर आले. काळी पाच. तिथे निघाला. खरखरीत, दमलेला, पण पुरा. चौदा तारखेच्या दुपारी ह्यांनी ती ओळ तीनदा म्हटली आणि तिन्ही वेळा ‘वर’चा सूर जागच्या जागी लागला.

हे माझ्याकडे बघून हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. म्हणाले, “बघ, आहे अजून गळ्यात जीव.”

मीही हसले. पण आता सही होणार नाही, हे मला तिथे पेटीच्या खोलीत बसल्या बसल्या कळलं. संध्याकाळी मी भाकऱ्या करपवल्या.

पंधराला सकाळी पाऊस नव्हता, नुसता उकाडा. वेदीशी मरियामातेची निळी मूर्ती, आणि कोणी उत्साही पोरांनी तिच्या दोन्ही बाजूंना तिरंगी फुगे लावलेले. दर वर्षी लावतात, दर वर्षी एखादा प्रवचनात फुटतो. ह्यांनी पांढरा शर्ट घातला होता आणि थर्मासमध्ये गरम पाणी. कम्युनियन झालं. तमिळ गाणं झालं. मग मल्याळी बायकांचं, त्यांची पट्टी काळी एक, म्हणून मी बटण एकवर नेलं. त्यानंतर सादरीतलं. ते लोक मांदराच्या ढोलावर म्हणतात, त्यांना कीबोर्ड लागत नाही. म्हणजे अख्खं एक गाणं मी हात मांडीवर ठेवून बसले होते. अख्खं एक गाणं! बटण दाबायला किती वेळ लागतो? पापणी लवायला लागतो तेवढा. मी ह्यांच्या गळ्याकडे बघत होते. पाण्याचा घोट उतरताना कंठमणी कसा वर-खाली होतो ते बघत होते. तो आता डॉक्टर काढून टाकतील की नाही, एवढंच डोक्यात.

मांदर थांबला. ह्यांनी मान हलवली. मी सुरावट वाजवली.

आणि ती मला बरोबर वाटली. इथेच घात झाला. तीस वर्षं ते गाणं त्या चर्चमध्ये काळी एकमध्येच ऐकलेलं, कानाला तेच घरचं. ह्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण ह्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं नाही. पहिली ओळ गेली. दुसरीला मानेच्या शिरा ताठ झाल्या. मला वाटलं, आज गळा जड आहे. ‘आई गेली’ म्हणून हे वर चढायला गेले आणि सूर नाही, नुसती हवा आली. सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. ह्यांनी ओळ परत धरली. परत हवा. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मागे एका मल्याळी दीदीने बिचारीने नुसता आ लावून चाल पुढे नेली, शब्द तिला कुठले येणार. हे खाली बसले. माझी बोटं मात्र गाणं संपेपर्यंत वाजवतच राहिली.

फादर लाडू कुठे वाटणार ते सांगत होते. मी कीबोर्ड बंद करायला वाकले आणि खिडकीत बघितलं. नुसता एक. वजा नाही, दोन नाही. मी बटण तीनदा दाबलं. शून्य, वजा एक, वजा दोन. कोणी बघितलं नाही. मग कीबोर्ड बंद केला. आता ते कशासाठी केलं, देव जाणे. गाणं तर संपलं होतं.

घरी आल्यावर ह्यांनी वही कपाटात टाकली आणि तिथूनच तो घडीचा कागद काढला. “पेन दे.”

मी दिलं.

“आता जायला राहिलंय काय?” म्हणाले, आणि सही केली. वळणदार, नीट, पगाराच्या रजिस्टरवर करायचे तशी.

मी समोर उभी होते. ‘अहो, पट्टी चुकली माझी.’ एवढे चार शब्द होते. ते बोलले असते तर हे हसले असते, माझ्या नावाने बोटं मोडली असती, आणि कागद फाडला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी आत जाऊन कुकर लावला.

ऑपरेशन झालं. माणूस वाचला. डॉक्टरने माझं अभिनंदन केलं, लेकीने गळ्यात पडून रडून घेतलं. “गाता आलं नाही ते बरंच झालं गं आई, नाहीतर बाबा ऐकणारे होते का!” मी तिची पाठ थोपटली. तिचं म्हणणं खोटं होतं का? नव्हतं. म्हणून तर ते मला गिळता येत नाही.

आता गळ्याला भोक आहे, त्यावर पातळ रुमाल. रात्रंदिवस खोकला. फोनवर टाइप करायचा ह्यांना कंटाळा, म्हणून लेकीने आणलेलं ॲप तसंच पडून आहे आणि दाराशी खिळ्याला शाळेची काळी पाटी टांगली आहे. चार शब्द लिहायचे, मी वाचले की लगेच पुसायचे. ‘चहा.’ ‘पंखा.’ ‘लेकीला फोन कर.’ वाचलेलं एक अक्षर मागे ठेवत नाहीत. चर्चला येतात, पण क्वायरच्या बाकावर नाही. पार मागे, चपला काढतात तिथल्या बाकावर. गाणं सुरू झालं की ओठसुद्धा हलवत नाहीत. मी कीबोर्डवरून बघते. बाकी सगळे हलवतात, अगदी ज्यांना गाणं येत नाही तेही.

मी फादरकडे पापनिवेदनाला गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “भूल पाप नहीं होती.” मी म्हटलं, “फादर, भूल थी कि नहीं, वही तो नहीं मालूम.” त्यांनी मला माळेची प्रार्थना करायला सांगितली. मी केली. काही उलगडलं नाही. शंभर वेळा मी ते सादरी गाणं मनात परत वाजवून बघितलं आहे, मांडीवरच्या माझ्या हातांकडे बघितलं आहे. विसरले होते का? की हाताला ठाऊक होतं, आणि हात मुद्दाम गप्प बसला? मी स्वतःचीच उलटतपासणी घेते आणि स्वतःच फितूर होते.

ह्या वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा क्वायर बसली. एका मल्याळी घरातली मुलगी म्हणाली, “आंटी, अंकलवाला मराठी गाना मैं गाऊँ?” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. घरी येऊन मी ह्यांच्याकडे वही मागितली. दुपारची वेळ होती, हे वाटाणे सोलत बसले होते. उठले, पाटी घेतली.

‘नको. पोरीची फजिती होईल.’

मी वाचलं, ह्यांनी पुसलं. ‘अवघड आहे. मी तीस वर्षं म्हटलं, मलाच दगा दिला गळ्याने.’

ते ‘दगा’ वाचलं आणि वर्षभर धरलेलं सगळं सुटलं. मी म्हटलं, “गळ्याने नाही दिला.” आणि सांगून टाकलं. बटण, मल्याळी बायकांची पट्टी, मांदर, खिडकीतला एक. सराव काळी पाचचा होता आणि गाणं काळी एकमध्ये वाजलं, तरुणपणीच्या पट्टीत, ते ह्यांना झेपणं शक्यच नव्हतं, हेही. उभ्या उभ्याच सांगितलं, हात जोडून. हे ऐकत होते. ह्यांना ओरडता येत नव्हतं, आणि मला वाटत होतं की ओरडावं. भोकातून श्वास आत-बाहेर होत होता तेवढाच आवाज.

मग लिहिलं, ‘म्हणजे त्या दिवशी आवाज होता.’

मी मान डोलावली. ह्यांनी ते पुसलं. सावकाश, तळहाताने. पेन्सिल बराच वेळ हातात धरली आणि एकच शब्द लिहिला.

‘मुद्दाम?’

ह्यांनी वाट बघितली. मग पाटी खिळ्याला टांगली, तशीच, न पुसता, आणि जाऊन उरलेले वाटाणे सोलले. वही काढून टेबलावर ठेवली, पोरीसाठी.

तीन दिवस तो शब्द दाराशी होता. ह्यांनी दुसरं काही लिहिलंच नाही, चहासाठीसुद्धा हातानेच खूण. जाता-येता दिसायचा. दूधवाला आला की मी पाटीला पाठ करून उभी राहायची. सणाच्या सकाळी हे पांढरा शर्ट घालत असताना मी पाटी काढली आणि त्या शब्दाखाली लिहिलं, ‘नाही.’ मला ते बघवेना. पदराने पुसलं आणि लिहिलं, ‘माहीत नाही.’ पाटी ह्यांच्या हातात दिली.

ह्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग रुमालाच्या टोकाने माझे दोन शब्द पुसले, वरच्या शब्दाला धक्का लागू दिला नाही, आणि पाटी पुन्हा खिळ्याला लावली. मी वही पिशवीत घातली. ह्यांनी दार उघडलं, माझ्या चपला पायाने माझ्याकडे सरकवल्या, आणि आम्ही मिस्सेला निघालो. उशीर झाला होता.